शेवटच्या टेबलावरचे वाडगे

ल्यों,
१४ ऑक्टोबर १९७१

चि. आंतेल्म यास फिलोमेनचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. उजवा खुबा कामातून गेला आहे. डॉक्टर म्हणतो, सहासष्टाव्या वर्षी दिवसाचे बारा तास उभी राहणारी बाई त्याने दुसरी पाहिलेली नाही. त्याच्या पाहण्यातल्या बायका बसूनच असाव्यात, कारण त्याची स्वतःची तशीच आहे.

पत्राला कारण तुझी मुलगी. तुझं पत्र वर्षाला एक, नाताळचं, त्यात चार ओळी, आणि त्यांतल्या दोन पॅरिसच्या हवेच्या. ओदीलचं मात्र परवा सहा पानी पत्र आलं, निळ्या कागदावर, समास सोडून. खाणावळ बंद करावी लागणार असं मी तुला ऑगस्टात कळवलं होतं. तू ते वाचलं नसशील, तिने वाचलेलं दिसतं. चोवीस वर्षांची ही बया, मला आयुष्यात दोनदा भेटलेली, तीही लोकांच्या लग्नांत, आणि विचारते की आत्या, तुमच्यानंतर खाणावळ मी चालवू का. शहराच्या परंपरेविषयी तिला फार आस्था आहे म्हणे. आस्था हा शब्द तीनदा आला आहे. मी मोजला.

घरमालकाला नोव्हेंबरअखेर उत्तर द्यायचं आहे. भाडेकरार सरत्या वर्षाबरोबर संपतो. नव्या करारावर सही करणारं कुणी नसेल, तर जागा घ्यायला एक धुलाईवाला टपून बसला आहे. तो यंत्रं बसवणार. लोकांनी आपले कपडे आपणच त्यांत टाकायचे आणि समोर बाकावर बसून ते फिरताना बघत राहायचं. आईने जिथे तीस वर्षं आणि मी सत्तावीस वर्षं वजडी रांधली, तिथे उद्या परक्यांचे पायजमे गोल गोल फिरतील. माणसांना बघायला दुसरं काही उरलेलं नाही असं दिसतं.

तेव्हा मी ओदीलला सर्व संतांचा सण झाला की तीन दिवस बोलावलं आहे. गाव बघ, चवी बघ, काम बघ, असं लिहिलं आहे. खरं तर मी तिला बघणार आहे. कसोटीला उतरली तर सही तिची. नाही उतरली तर पायजमे. तुला विचारत नाहीये, कळवते आहे.

तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग, ती घेत असेल तर. तू करतोस तेवढा लोभ मला पुरतो, तो वाढवायचे कष्ट घेऊ नकोस.

तुझी बहीण
फिलोमेन

• • •

पॅरिस,
१९ ऑक्टोबर १९७१

ती. ताईस आंतेल्मचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ऑगस्टातलंही वाचलं होतं. उत्तर द्यावं असं त्यात काही नव्हतं.

ओदीलला एका विमा कचेरीत कायमची नोकरी आहे. स्वतःचं टेबल आहे, खिडकी आहे, खुर्चीला चाकं आहेत. अशी मुलगी सगळं सोडून तुझ्या त्या धुक्यातल्या गावात डुकराचे पाय खरडायला निघते, याला आस्था म्हणत नाहीत, डोकं फिरणं म्हणतात. तुमच्या गावाविषयी पुस्तकांत काय छापतात मला माहीत आहे. रेशीम, दोन नद्या, घरांच्या पोटातून जाणारे जुने बोळ. त्या बोळांना वास कसला येतो ते कुणी छापत नाही. समोर राहणारा माणूस दहा वर्षं ओळख दाखवत नाही, अकराव्या वर्षी विचारतो की तुमची आजी कुठली, हेही छापत नाहीत. सकाळी नऊला वजडी खाऊन त्यावर वाईन पिणारी माणसं जगाला जेवणाचे संस्कार शिकवायला निघतात, याचं मला अजून हसू येतं.

तर माझी विनंती एवढीच की तिचे लाड करू नकोस. ते तुला जमतही नाही म्हणा. तीन दिवस तिला तळघरातून लाकडं वाहू दे, माशाचे काटे काढू दे, तुझी बोलणी खाऊ दे. चौथ्या दिवशी ती आपल्या चाकांच्या खुर्चीवर परत आली की मी तुला पहिल्यांदाच मनापासून आभाराचं पत्र लिहीन.

सव्वीस वर्षांत मी तिकडे पाऊल टाकलं नाही ते उगीच नाही. पण तो विषय नको.

खुब्याला जप. घिस्लेनने नमस्कार सांगितला आहे, म्हणजे मी तिला सांगायला लावला. आहे तसा लोभ चालू दे.

तुझा
आंतेल्म

• • •

पॅरिस,
२४ ऑक्टोबर १९७१

ती. आत्यांस ओदीलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही बोलावलंत, फार आनंद झाला. मी बुधवारी, ३ तारखेला दुपारच्या गाडीने येते, रविवारी सकाळी निघेन. टेकडीवरचं चर्च, रेशमाचं संग्रहालय आणि जुन्या भागातले बोळ बुधवारी संध्याकाळपर्यंत पाहून घेईन, म्हणजे पुढचे तीन दिवस तुमच्या कामात अडथळा नको. एक वही आणली तर चालेल ना? तुमच्या कृती प्रमाणासकट लिहून घ्यायच्या आहेत. जाताना विकत काय घ्यावं तेही सुचवा.

बाबांनी तुम्हाला काय लिहिलं ते ठाऊक नाही, पण घरात ते तुमच्या गावाचं नाव निघालं की वर्तमानपत्र उभं धरतात. माझ्यावर राग नसावा.

तुमची
ओदील

• • •

ल्यों,
५ नोव्हेंबर १९७१, शुक्रवार दुपार

चि. आंतेल्म यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आभाराचं पत्र लिहायला घे. तुझी मुलगी रविवारी परत येते आहे, आणि कायमची.

सगळं क्रमाने सांगते. बुधवारी पोचली. उंच आहे तुझ्यासारखी, आणि तुझ्यासारखीच आत येताना दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. एक बॅग कपड्यांची, एक पुस्तकांची. पुस्तकांत आपलं शहर आहे. मी चाळलं. आपली गल्ली त्यात नाही, एवढं एक पुण्य त्या लेखकाने केलं आहे. संध्याकाळपर्यंत सगळं गाव पाहून झालं म्हणाली. मी इथे जन्मले, माझं अजून व्हायचं आहे. येताना स्टेशनजवळच्या दुकानातून ल्योंचा म्हणून रेशमी रुमाल घेऊन आली, मला भेट. मी तो उजेडात धरला. ते रेशीम नव्हतं आणि ल्योंचंही नव्हतं. मी तो खिडकीच्या फटीत कोंबला आहे, वारा अडतो.

गुरुवारी सकाळी नऊच्या न्याहारीला माणसं जमली, तर ही टेबलाटेबलावर विचारत फिरली की दूध घातलेली कॉफी कुणाला हवी. खाटीक माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, माझ्या घरात कुणाला तरी बरं नाही. नंतर भिंतीवर पदार्थांची यादी कुठे आहे असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, पदार्थ वाडग्यांत आहेत, भिंतीवर नाहीत. मसुरात व्हिनेगर किती, तर ग्रॅममध्ये सांगा म्हणे. मी सांगितलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर घाल आणि आलं की थांब. ते तिने वहीत लिहून घेतलं.

इथवर मी गप्प होते. पॅरिसचं पाणी आहे, उतरेल असं म्हटलं. दुपारी मात्र तिने जे केलं ते उतरणारं नाही.

तुला आठवत असेल, अजून काही बदललेलं नाही. टेबलं पाच. पहिलं दाराशी, पाचवं स्वयंपाकघराला चिकटून. वाडगे सहा: मसूर, डुकराचे पाय, खारवलेला मासा आणि बटाटे, बीट, घेवडा, वासराचं डोकं. न्याहारी असो की जेवण, वाडगे पहिल्या टेबलावर जातात, माणसं आपापल्या हाताने वाढून घेतात, पुढे सरकवतात. सरकत सरकत पाचव्याला येतात. पाचव्या टेबलावर सात वर्षं म्हातारा क्लोदियूस बसतो. त्याचा रेशमाचा माग विकला गेला त्या आठवड्यापासून बसतो. त्याआधी तो दुसऱ्यावर बसायचा. पाचव्यापर्यंत जे पोचतं ते कुणाचंच नसतं, म्हणून त्याचा दाम कुणी मागत नाही. तो वाईनचे पैसे देतो, मी त्याच्या कळकट टायला नावं ठेवते, तो माझ्या मसुराला नावं ठेवतो. सात वर्षांत याविषयी कुणी एक अक्षर बोललेलं नाही, मी स्वतः मनातसुद्धा नाही. आज तुला लिहिते आहे ते पहिल्यांदा.

तुझ्या मुलीने काल वाडगे उलट्या टोकाकडून फिरवले. भरलेले सहाच्या सहा वाडगे नेऊन क्लोदियूसपुढे मांडले, डाव हातात घेतला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा प्रेमळ आवाजात म्हणाली की आजोबा, रोज तुम्हीच का उरलंसुरलं खायचं, आज सगळ्यांच्या आधी तुम्ही.

खोलीत काटेचमचे थांबले. क्लोदियूसने घास घेतला नाही. त्याने जेवणाच्या रुमालाची घडी घातली, ती आपल्या लाकडी कड्यात ओवली, आणि कडं रोजच्यासारखं भिंतीवरच्या आपल्या खणात न ठेवता कोटाच्या खिशात घातलं. मला मान लवून नमस्कार केला, जो त्याने सात वर्षांत केला नव्हता, आणि गेला. आपल्याकडे माणूस रुमालाचं कडं घरी नेतो याचा अर्थ तो पुन्हा पायरी चढणार नाही, हे तुला सांगायला नको. आज तो आला नाही. न्याहारीला नाही, जेवायला नाही.

ओदीलने विचारलं की तिचं चुकलं काय. मी सांगितलं नाही. जे सांगून समजतं ते खाणावळ चालवायच्या कामाचं नसतं. आज सकाळपासून ती माशाच्या गोळ्यांसाठी काटे काढत बसली आहे. बरे काढते. पण काटे काढणारी मला महिन्याच्या पगारावर मिळेल.

सोमवारी धुलाईवाल्याला होकार देते. तू म्हणाला होतास तसंच झालं, समाधान मान. लोभ असेल तर असू दे.

तुझी
फिलोमेन

• • •

पॅरिस,
७ नोव्हेंबर १९७१, रविवार सकाळ

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. ओदील संध्याकाळी पोचेल. ती यायच्या आत हे टपालात टाकतो.

मी आभाराचं पत्र लिहिणार होतो. कागदही काढला होता. पण त्या म्हाताऱ्याचा खिसा वाचला आणि विषय नको म्हटलेला विषय माझ्यापुढे येऊन बसला. तर आता ऐक.

मे १९४५. पाच वर्षं जर्मनांच्या कैदेत काढून मी परत आलो. सेहेचाळीस किलोचा होतो, आईच्या मातीला पोचलो नव्हतो, आणि कुणी माझ्याकडे बघू नये एवढीच इच्छा होती. म्हणून पाचव्या टेबलावर बसलो, भिंतीकडे तोंड करून. तू स्वयंपाकघरातून सहा वाडगे घेऊन आलीस आणि पहिल्यांदा माझ्यापुढे ठेवलेस. तुझे शब्द मला पाठ आहेत. बाळ, आज सगळ्यांच्या आधी तू. खोलीतले सगळे पुरुष उठून उभे राहिले, टोप्या काढल्या. खाटकाचा बाप रडला. ताई, पाच वर्षं तिकडे मी सुपाच्या रांगेत उभा राहिलो, ढकललं जात होतं, शिव्या मिळत होत्या, पण तिथे कुणी मला भिकारी केलं नव्हतं. तू केलंस. आणि मी ते खाल्लं, कारण भूक होती. त्या म्हाताऱ्याला एवढा तरी मान राखता आला.

त्या दुपारी मीही माझं कडं खिशात घातलं आणि सोमवारच्या गाडीने निघालो. तू गल्लीभर सांगितलंस की आंतेल्मला पॅरिसचं वारं लागलं. मीही इथे तेच सांगत आलो, सोयीचं होतं. अनोळखी म्हाताऱ्याने कडं नेलं तर तुला त्याचा अर्थ त्याच क्षणी कळला. भावाचा सव्वीस वर्षांत कळला नाही.

आता त्याच चुकीसाठी तू माझ्या मुलीला हाकलते आहेस. हाकल. मला तेच हवं होतं. फक्त ती पॅरिसवर गेली असं लिहू नकोस. ती तुझ्यावर गेली आहे, हुबेहूब.

आंतेल्म

• • •

पॅरिस,
८ नोव्हेंबर १९७१

ती. आत्यास ओदीलचा नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचले. तीन दिवस तुझी बोलणी खाल्ल्यावर आता तुम्ही-बिम्ही पुरे. तू मला नाही म्हणणार आहेस हे शुक्रवारीच कळलं, कारण शुक्रवारी तू माझ्यावर एकदाही खेकसली नाहीस. त्याआधी दर पाच मिनिटांनी खेकसत होतीस.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही, ती सांगून टाकते. शनिवारी सकाळी मी पाव आणायला गेले आणि पाऊण तास लागला. तू म्हणालीस, पॅरिसच्या बायकांना पाव आणायलाही नकाशा लागतो. मी पाव आणायला गेलेच नव्हते, पाव खाटकाच्या बायकोने आणून दिला.

शुक्रवारी दुपारी भांडी घासताना मी वाडगे बघितले. क्लोदियूस आला नव्हता, तरी सहाही वाडग्यांत तिसरा हिस्सा उरला होता. पहिल्या टेबलावरचा खाटीक अंगाने एवढा, पण त्याने डुकराच्या पायाचा सगळ्यांत मांसल तुकडा तसाच सोडला होता आणि उठताना म्हणाला होता की असलं कातडं कुत्रंही खाणार नाही. दुसऱ्या टेबलावरचा वकिलाचा कारकून मसूर अर्धे ठेवून म्हणाला की पोटात दगड पडल्यासारखं वाटतं. गुरुवारी मला वाटलं होतं की ही माणसं उद्धट आहेत. शुक्रवारी कळलं की खोलीतली वीस माणसं रोज थोडी उपाशी उठतात आणि का उठलो हे कुणी विचारू नये म्हणून तुझ्या रांधण्याला नावं ठेवतात. पाचव्या टेबलावरचा माणूस आला नाही त्या दिवशीसुद्धा.

म्हणून मी शनिवारी त्याच्या घरी गेले. पाच जिने. त्याने दार वीतभर उघडलं. माफी मागायची नाही एवढं मला कळलं होतं, ती मागितली असती तर त्याने दार लावून घेतलं असतं. मी त्याला म्हटलं की काल तुमच्या रुसण्यापायी दोन वाडगे भरून अन्न मला बादलीत टाकावं लागलं, आत्या माझ्या नावाने शंख करते आहे, आणि खारवलेल्या माशाचा वास माझ्या केसांतून जात नाही. खाणावळ काय तुमच्या तीर्थरूपांची आहे? नऊला या, आपलं काम करा आणि दुसऱ्या कुणाच्या जागेवर बसू नका. तो म्हणाला, पॅरिसच्या मुलींना घरात वळण लावत नाहीत का. मी म्हटलं, लावतात, पण तुमचे पाच जिने चढताना ते गळून पडलं. त्याने दार लावून घेतलं. मला वाटलं, संपलं. पण आतून बुटांचा आवाज आला.

पुढचं तू पाहिलंस. मी मात्र तुझ्याकडे बघत नव्हते, भीती वाटत होती.

मी कचेरीत आजपासून हजर आहे. खुर्ची फिरते. दिवसभर खुर्ची फिरते, बाकी काही होत नाही. तू जे ठरवशील ते मान्य आहे. न मानून करणार काय.

व्हिनेगर घातल्यावर डोळ्यांत पाणी येऊन थांबायचं ते जमायला लागलं आहे. कालच घरी करून पाहिलं. आईने खाल्लं नाही. बाबांनी वर्तमानपत्र उभं धरून खाल्लं, दोनदा वाढून घेतलं.

लोभ मागत नाही, मागितलेला तू देत नाहीस. खेकसत राहा.

ओदील

• • •

ल्यों,
१६ नोव्हेंबर १९७१

चि. आंतेल्म यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला वेळ लागला कारण खुबा दुखत होता. खोटं आहे. खुबा रोजच दुखतो.

आधी कामाचं. त्या शनिवारी नऊ वाजता क्लोदियूस आत आला. तुझ्या मुलीने मान वर केली नाही. वाडगे दाराकडून निघाले, आपल्या पायांनी जायचे तसे गेले. पाचव्यावर पोचल्यावर त्याने मसूर चाखले आणि म्हणाला की व्हिनेगर कुणी घातलंय, पॅरिसच्या नळाचं पाणी दिसतंय. ती आतून म्हणाली की मग खाऊ नका, भांडं रिकामं करून द्या, मला घासायचं आहे. खोली हसली. त्याने भांडं रिकामं केलं. कडं खणात ठेवलं. मला वाटलं, म्हातारा स्वतःहून निवळला. पाच जिन्यांचं मला तिच्या पत्रातून कळलं. क्लोदियूसला विचारलं, तर म्हणाला की असली उर्मट मुलगी त्याने या गल्लीत चाळीस वर्षांपूर्वी एकच पाहिली होती आणि तिचा खुबा आता गेला आहे.

तरीही सोमवारी धुलाईवाल्याला बोलावलं होतंच. शब्द दिला की दिला. तो जेवणाच्या वेळी आला, म्हणून मी त्याला पहिल्या टेबलावर बसवलं. आंतेल्म, त्या माणसाने वाडगे पुसून खाल्ले. डुकराचे पाय संपवले, मासा संपवला, मसुराच्या वाडग्यात पाव फिरवला, आणि तोंडभर माझी स्तुती केली. असा स्वयंपाक त्याने जन्मात खाल्ला नव्हता म्हणे. खाटकाने दोनदा घसा साफ केला, काही उपयोग झाला नाही. पाचव्या टेबलापर्यंत बीट पोचलं. क्लोदियूस वाडग्यात डोकावून म्हणाला, धुलाईत मात्र हा पक्का आहे. मी त्या माणसाला कोट आणून दिला आणि सांगितलं की जागा मिळणार नाही. कारण विचारत होता. ज्याला वाडगा कुठे थांबवायचा कळत नाही त्याला कारण काय सांगायचं.

तेव्हा करार ओदीलच्या नावाने होतो आहे. घरमालकाला कळवलं. तिला वेगळं पत्र घातलं आहे, दोन ओळींचं, तिने शेफारू नये म्हणून. १ जानेवारीपासून ये, वही आणू नकोस. वसंतापर्यंत मी स्टुलावर बसून तिच्यावर खेकसेन, मग बघू. तुझी परवानगी विचारलेली नाही, आणि तुझ्या घरी तिने केलेले मसूर तू दोनदा वाढून घेतलेस हेही मला कळलं आहे. तेव्हा तोंड वर करून काही लिहू नकोस.

आता तुझं.

कडं गेलेलं मला त्याच दुपारी दिसलं होतं. खण रिकामा होता. मी अंगणात जाऊन नळ सोडून बसले, म्हणजे आवाज होतो. गाडी सोमवारी होती. दोन दिवस मला तुझ्याकडे येऊन चार शब्द बोलता आले असते, पण बोलायचं काय? चूक काय झाली ते मला कळतच नव्हतं. पोटचं पोर परत यावं तसा तू आला होतास आणि मी सगळ्यांत आधी तुला वाढलं, याहून दुसरं काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे वर्षं गेली, एकेक माणूस पाचव्या टेबलावर येऊन बसत गेला, आणि हळूहळू कळलं. क्लोदियूसच्या वेळी मला सगळं येत होतं. ते मी तुझ्यावर शिकले. पण कळल्यावर पत्रात काय लिहिणार, म्हणून पॅरिसचं वारं हेच चालू ठेवलं. सोयीचं होतं, खरं आहे. तुझ्या मुलीला ते दोन दिवसांत कळलं. मला आठ वर्षं लागली. यात तिचं कौतुक नाही, माझी अक्कल निघते आहे.

तो खण अजून रिकामा आहे. दुसऱ्या कुणाचा रुमाल त्यात ठेवू दिला नाही. प्रेमाबिमाने नाही, तो खण अरुंद आहे आणि कुणाचं कडं त्यात धड बसत नाही.

८ डिसेंबरला बुधवार आहे. खिडकीत सणाचे दिवे मांडायचे असतात, आणि मला यंदा स्टुलावर चढवणार नाही. डॉक्टर चढू देत नाही, त्याची बायको मात्र त्याला रोज माडीवर चढवते. पन्नास दिवे आहेत, वाती कापायच्या, तेल घालायचं. तुला वेळ नसेल, तुम्हा पॅरिसवाल्यांना कुठला असायला. आलास तर दुपारी साडेबाराच्या आत ये. पाचव्या टेबलावर एक खुर्ची जास्त ठेवता येईल, क्लोदियूसला विचारलं आहे, तो म्हणाला कोपर लावू नये म्हणजे झालं. तुझ्यासाठी वेगळं काही रांधणार नाही. वाडगे दारापासून निघतील. तुझ्यापर्यंत येतील तेव्हा त्यात काय असेल ते मला सांगता येणार नाही, आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघणारही नाही.

घिस्लेनला आशीर्वाद. लोभाचं तुला काय वाटेल ते कर.

तुझी बहीण
फिलोमेन

• • •

पॅरिस,
२० नोव्हेंबर १९७१

ती. ताईस सा. न. वि. वि.

८ तारखेला अकराच्या गाडीने पोचतो. बीट मला तेव्हाही आवडत नव्हतं, पण उरेल ते चालेल.

कडं सापडलं. घेऊन येतो.

आंतेल्म